धूर, धुराडे आणि काजळी : निर्धूर चुलीच्या इतिहासाकडे पाहताना

भारतीय तर्कशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच धड्यात स्वयंपाकघरात जाऊन पोहोचतो. डोंगरावर धूर दिसतो, तेव्हा तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान सिद्ध करण्यासाठी दृष्टान्त लागतो. आणि तो दृष्टान्त असतो 'महानसा'चा, म्हणजे स्वयंपाकघराचा. धूर आणि अग्नी यांचे साहचर्य आपण सर्वांनी तेथेच पाहिलेले असते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' आजही संस्कृतच्या वर्गांत शिकवला जातो आणि त्यातले हे उदाहरण विद्यार्थ्यांच्या तोंडी असते. नैयायिक येथे थांबले नाहीत. जेथे अग्नी तेथे धूर, हे उलट विधान मात्र खरे नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीतून धूर निघायचा तर ओल्या इंधनाचा संयोग व्हावा लागतो, आणि या अटीला त्यांनी 'उपाधी' असे नाव दिले. धूर हा अग्नीचा स्वभाव नव्हे, तो परिस्थितीचा परिणाम आहे, इतकी नेमकी जाण या परंपरेत होती.

या जाणिवेचा महानसात बसलेल्या व्यक्तीला काही उपयोग झाला काय, असा प्रश्न आम्हाला पडतो. दृष्टान्तातल्या स्वयंपाकघरात धूर आहे, अग्नी आहे, ते पाहणारा एक द्रष्टाही आहे. पण चुलीपुढे बसून फुंकणीने विस्तव फुलवणारी बाई त्यात नाही. तिच्या डोळ्यांतले पाणी अनुमानाचा हेतू होऊ शकले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या अनुपस्थित व्यक्तीच्या बाजूने एका छोट्या वस्तूचा इतिहास पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे धुराड्याची, अर्थात 'निर्धूर' चूल. तिचा एक महत्त्वाचा अध्याय विदर्भात, वर्ध्याच्या मगनवाडीत लिहिला गेला. नागपूर जिल्ह्याच्या वायव्येकडील काटोल हा संत्र्याचा आणि कापसाचा तालुका तेथून फार दूर नाही. त्यामुळे हा इतिहास आम्ही काटोलच्या स्वयंपाकघरात उभे राहून वाचू.

आधी भाषेकडे पाहू. मराठीत चुलीवरचे वाक्प्रचार विपुल आहेत. घरोघरी मातीच्या चुली असतात. भाऊ विभक्त झाले की चूल वेगळी मांडली जाते. लग्नकार्याचे चूलबंद आमंत्रण येते, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नसते. आणि स्त्रीचे जग संकोचले की ते 'चूल आणि मूल' एवढे उरते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा दिली आणि हाताला बसणाऱ्या चटक्यांचे मोल सांगितले, हे मराठीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. या सगळ्यांत चूल म्हणजे कुटुंब, चूल म्हणजे कष्ट, चूल म्हणजे बंधन. धूर मात्र जवळजवळ कोठेच नाही. मराठीतला सर्वांत प्रसिद्ध धूर सोन्याचा आहे, आणि तो घराच्या वैभवाचे वर्णन करताना निघतो. संध्याकाळी खेड्यावर तरंगणारा निळसर धूर कवितेत आणि ललित निबंधात येतो, तो दुरून पाहिलेला असतो. घरी परतणाऱ्याला तो सुखाची खूण वाटतो. घरात असलेल्याला तो काय वाटत होता, हे साहित्याने क्वचितच विचारले.

हा धूर निव्वळ अज्ञानापोटी घरात राहिला, असे मानणे चूक ठरेल. विदर्भातील जुन्या कवेलूंच्या घरात धुराला स्वतंत्र वाट नसली तरी कवेलूंच्या फटींतून तो झिरपत बाहेर जाई. जेथे मातीचे धाबे असे, तेथे छताला एक भोक ठेवत. त्याला साणे म्हणत. उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा, अशी दोन्ही कामे त्यातून होत. शिवाय घरात रेंगाळणाऱ्या धुराचे काही उपयोग होते. बांबू आणि लाकडी वासे किडीपासून वाचत, डास कमी होत, आणि चुलीच्या वर टांगलेली बियाण्याची कणसे पुढच्या पेरणीपर्यंत टिकत. घराचे आयुष्य धुराने वाढत होते. घरातल्या बाईचे मात्र त्याच धुराने कमी होत होते, आणि या व्यवहाराचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

सरपणाचाही विचार केला पाहिजे. काटोल परिसरातल्या चुलीत मोठे लाकूड नेहमी असतेच असे नाही. कापसाचा हंगाम संपला की शेतातली पऱ्हाटी उपटून तिच्या गंज्या रचल्या जातात. तुरीच्या तुराट्या, संत्र्याच्या बागेतल्या वाळक्या फांद्या, बाभळीच्या झिलप्या आणि गोवऱ्या हेही असते. पऱ्हाटी भुरकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. ती सतत आत सारावी लागते, त्यामुळे बाईला चुलीपुढून उठता येत नाही. गोवरी धुमसते, आणि पावसाळ्यात तर नैयायिकांची 'उपाधी' साक्षात चुलीत येऊन बसते. ज्वाळेची उष्णता आधी पाणी उडवण्यात खर्च होते, जळणाचा काही भाग अर्धवट जळतो, आणि ते अर्धवट जळलेले द्रव्य म्हणजेच धूर.

या धुराला बाहेर काढण्याचा संघटित विचार आपल्याकडे ग्रामोद्योगाच्या चळवळीतून आला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग संघाला दिली आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी झाले. १९३५ च्या प्रारंभी महात्मा गांधी तेथे राहायला आले. एप्रिल १९३६ मध्ये ते शेगावला गेले, तेच पुढचे सेवाग्राम. मगनवाडीची खरी सूत्रे जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती होती. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेल्या आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेल्या या माणसाने तेलघाणी, हातकागद, गूळ, हातसडीचा तांदूळ, मधमाशा या विषयांना अर्थशास्त्रात जागा मिळवून दिली. १९३८ मध्ये तेथे मगन संग्रहालय उघडले. वनस्पती तेलावर जळणारा 'मगन दीप' येथलाच. मातीची, धुराडे असलेली 'मगन चूल'ही येथलीच. १९४० च्या दशकात तिचा प्रसार सुरू झाला.

हिशेबतपासनिसाने चुलीकडे पाहावे, यात आम्हाला मोठा अर्थ दिसतो. खेड्याच्या संपत्तीचा ताळेबंद मांडायचा तर सरपणाचा अपव्यय आणि बाईचे आरोग्य या दोन्ही रकमा खर्चाच्या बाजूला लिहाव्या लागतात, हे तोवरच्या अर्थशास्त्राला सुचले नव्हते. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनीही याच सुमारास धुराड्याच्या मातीच्या चुलीवर काम केले आणि १९५३ मध्ये धूरमुक्त स्वयंपाकघरावर पुस्तिका प्रसिद्ध केली. या चुलींचे तत्त्व सोपे होते. आपली पारंपरिक चूल आणि तिला जोडलेला वैल यांत ज्वाळ एका भांड्याखालून दुसऱ्याकडे जातेच. तीच वाट मातीने बंदिस्त करायची, पुढे तिला उभे धुराडे जोडायचे आणि मध्ये एक झडप ठेवायची. धुराड्यातली गरम हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असल्याने वर चढते आणि चुलीच्या तोंडातून नवी हवा आत ओढते. धुराडे जितके उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ही ओढ अधिक. ओढ फार वाढली तर उष्णताही धुराड्यातून निघून जाते, म्हणून झडप.

यानंतरची तीन दशके सरकारी पातळीवर फारशी हालचाल नव्हती. १९७० च्या दशकातील तेलाच्या संकटाने इंधनाचा प्रश्न पुढे आणला आणि जंगलतोडीची चिंता त्याला मिळाली. १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. योगायोग असा की त्याच वर्षी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांचा गुजरातमधील खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणीयंत्रे लावून त्यांच्या श्वासात येणारी हवा तपासली गेली होती, आणि त्या हवेत दर घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम धूलिकण आढळले. नैयायिकांच्या महानसात चुलीपुढे बसलेली व्यक्ती प्रथमच मापनाचा विषय झाली होती. २००२ मध्ये केंद्राने हा कार्यक्रम थांबवला, तोपर्यंत कागदोपत्री तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या होत्या.

त्यांतल्या कित्येक चुलींचे पुढे काय झाले, हे खेड्यांतून फिरलेल्या वाचकाने पाहिले असेल. भिंतीत अडकलेला नळाचा तुकडा, कोपऱ्यात पडलेली फुटकी धुराडी, आणि त्यांच्या शेजारी पुन्हा मांडलेली तीन दगडांची चूल. या अपयशाची कारणे देताना 'लोकांची उदासीनता' हा शब्दप्रयोग अहवालांत हमखास येतो. आम्हाला तो मान्य नाही. धुराडे बसवल्याने एक नवे काम निर्माण होते, आणि ते काम कोणाचे, हा प्रश्न कार्यक्रमाने विचारला नाही.

येथे युरोपचा इतिहास आठवतो. तेथे घरोघरी धुराडी उभी राहिली तेव्हा त्यांतली काजळी खरवडणारा एक वर्गही उभा राहिला, आणि त्यात अरुंद धुराड्यांत शिरू शकणारी लहान मुले होती. १७७५ मध्ये लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने या कामगारांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. एखाद्या व्यवसायाशी कर्करोग जोडला जाण्याचे हे पहिल्या उदाहरणांपैकी एक. विल्यम ब्लेकने १७८९ आणि १७९४ मध्ये धुराडी झाडणाऱ्या मुलांवर लिहिलेल्या दोन कविता आपल्याकडील इंग्रजीच्या वर्गांत शिकवल्या जातात. त्या शिकवताना निरागसता आणि अनुभव या द्वंद्वावर पुष्कळ बोलले जाते. स्वच्छ दिवाणखान्याची किंमत कोणाच्या तरी फुप्फुसांनी मोजलेली असते, हा त्यांतला साधा हिशेब मात्र मागे राहतो. इंग्लंडमध्ये हे बालश्रम खऱ्या अर्थाने संपायला १८७५ चा कायदा यावा लागला.

आपल्याकडे धुराडे आले आणि ते झाडणारा आला नाही. हे काम गृहीत धरून बाईवरच टाकले गेले. कवेलूंच्या घरावर चढायचे तर कवेलू फुटतात. लुगडे नेसून शिडीवर चढणे अवघड, आणि सुनेने छपरावर चढणे अनेक घरांत चालणारे नव्हते. महिन्या-दोन महिन्यांत धुराड्यात काजळी दाटते, ओढ मंदावते आणि धूर पुन्हा चुलीच्या तोंडातून घरात येतो. मग नव्या चुलीचा त्रास जुन्या चुलीपेक्षा अधिक, कारण तिचे तोंड अरुंद. लाकडाचे बेताचे तुकडे धरून आखलेल्या त्या तोंडात पऱ्हाटी मोडून घालावी लागते. एखादी बाई धुराडे काढून टाकते आणि चुलीचे तोंड फोडून रुंद करते, तेव्हा तिच्या या कृतीत पुरता विचार असतो.

ओडिशात सुमारे २६०० कुटुंबांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हेच दाखवले. एस्तेर ड्यूफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे चुलींचा वापर आणि देखभाल घटत गेली आणि चार वर्षांच्या पाहणीत आरोग्यावर म्हणण्यासारखा परिणाम उरला नाही. हा निष्कर्ष चुलीविरुद्ध आहे असे आम्ही वाचत नाही. वस्तू दिली आणि तिची व्यवस्था दिली नाही तर काय होते, याची ती नोंद आहे.

महाराष्ट्रात याहून वेगळी वाटही चालून पाहिली गेली. पुण्याच्या 'आरती' या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने कुंभार आणि ग्रामीण कारागीर बायका यांना साच्यातून चुली घडवायला शिकवले. दोन भांड्यांची, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल त्यांतूनच पसरली. बनवणारा गावात असला म्हणजे मोडलेली चूल दुरुस्त होते, हा साधा विचार त्यामागे होता. साहित्याच्या वाचकाला एक धागा येथे सापडेल. या संस्थेचे संस्थापक आनंद कर्वे हे इरावती कर्वे यांचे चिरंजीव, आणि चुलींच्या शास्त्रावर दीर्घकाळ काम करणाऱ्या प्रियदर्शिनी कर्वे या त्यांच्या कन्या. महाराष्ट्राच्या कुटुंबव्यवस्थेचा अभ्यास ज्या घरात झाला, त्याच घरात त्या कुटुंबाच्या चुलीचाही झाला.

इतक्या वर्षांच्या यशापयशातून जे ज्ञान साठले, ते विखुरलेले आहे. ज्यांच्या घरात आजही चूल किंवा लाकडावरची शेगडी आहे अथवा बसवायची आहे, त्यांच्यासाठी ते थोडक्यात एकत्र करणे हाही इतिहासलेखनाचाच भाग आम्ही मानतो. चुलीची बैठक आणि मागची भिंत माती, वीट किंवा दगडाची असावी. लाकडी खांब, सरपणाचा साठा, कपडे आणि प्लॅस्टिक तिच्यापासून चांगले दूर असावेत, आणि वर पऱ्हाटी रचलेला माळा नसावा. धुराडे शक्य तितके सरळ उभे असावे. प्रत्येक वळण ओढ कमी करते आणि काजळीला बसायला जागा देते. चुलीच्या धूरमार्गापेक्षा धुराड्याचा व्यास कमी नसावा. त्याचे तोंड भिंतीतून बाहेर काढून वळचणीखाली सोडणे हा सर्रास दिसणारा दोष आहे. तसा धूर वाऱ्याने परत घरात किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. धुराडे छपराच्या वर सुमारे मीटरभर तरी गेले पाहिजे, जवळ उंच आढे किंवा भिंत असेल तर त्याहूनही वर, आणि पावसासाठी त्यावर टोपी हवी.

जेथे नळ छपरातून जातो, ती जागा सर्वांत धोक्याची. तापलेला धातूचा नळ लाकडी वाशाला किंवा गवताच्या छपराला टेकला तर आग लागायला वर्षेही लागू शकतात आणि एक रात्रही पुरते. म्हणून नळाभोवती मोकळी जागा आणि न जळणाऱ्या वस्तूचे कडे असावे. टिनाच्या पत्र्यातून नळ काढताना सांधा नीट बुजवावा, नाहीतर पावसाचे पाणी चुलीत उतरते. नळाच्या तळाशी काजळी काढण्यासाठी झाकण ठेवले तर छपरावर चढण्याची वेळ कमी येते. जुन्या चुलींच्या इतिहासातून शिकण्यासारखी ही सर्वांत मोठी गोष्ट असावी. साठलेली काजळी धुराड्यातच पेट घेऊ शकते. जुन्या कार्यक्रमांतून सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे नळ वापरले गेले. ते कोठे उरले असतील तर कापू, घासू किंवा फोडू नयेत, कारण त्यांचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत.

धूर बाहेर जायचा तर हवा आत यावी लागते, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. फटी असलेल्या जुन्या घरात तिची चिंता नव्हती. सिमेंटच्या बंद खोलीत दारे-खिडक्या लावल्या की धुराड्याची ओढ थांबते. जळण आधी महिनोन्महिने वाळवलेले असावे. आणि सर्वांत गंभीर बाब अशी की धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे नाही. हिवाळ्याच्या रात्री निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे, किंवा निखारे धगधगत असता धुराड्याची झडप पूर्ण लावणे जीवघेणे ठरते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. नैयायिकांचा धूरहीन अग्नी येथे आपल्यासमोर निराळ्याच रूपात उभा राहतो. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. या विषारी वायूचे अनुमान कोणत्याही दृश्य लिंगावरून होत नाही.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि चुलीचा प्रश्न गॅसने सुटला असा समज पसरला. गॅस हा लाकडापेक्षा कितीतरी स्वच्छ, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे ४३ टक्केच स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरत होती. ज्या घरांत टाकी आहे त्यांतल्या कित्येक घरांतही अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि पाहुण्यांच्या भाकरी चुलीवरच होतात. पऱ्हाटी शेतात फुकट मिळते, टाकी विकत भरून आणावी लागते. म्हणूनच नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेलाही अनेक प्रकारचे जळण चालणारी 'नीरधूर' ही सुधारित चूल तयार करावीशी वाटली. मगनवाडीत सुरू झालेला प्रश्न याच विदर्भात अजून जिवंत आहे.

चुलीच्या या इतिहासात साहित्याच्या अभ्यासकाने का डोकावावे? मराठीतल्या आत्मचरित्रांत आणि ग्रामीण कथांत चुलीपुढे बसलेली बाई शेकडो वेळा येते. तेथे धूर वातावरणनिर्मितीसाठी येतो की घटना म्हणून येतो, ती खोकते की नाही, डोळे पुसते तेव्हा लेखक त्याचे कारण दुःख मानतो की ओले सरपण, हे तपासत गेले तर एक निराळे वाचन हाती येईल. आणखी एक प्रश्न त्यात जोडावा, असे आम्ही सुचवू : त्या घराला धुराडे असेल, तर ते झाडायला छपरावर कोण चढते?